धागा धरून ऐकायचं: जगभरचं नवं संगीत दर महिन्याला सापडावं म्हणून

केप व्हर्दे हा अटलांटिक महासागरातला बेटांचा देश. तिथल्या सेझारिया एव्होरा या गायिकेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा गाणं संपल्या संपल्या पुन्हा लावलं, आणि त्या संध्याकाळी दुसरं काही ऐकलंच नाही. त्या गायनप्रकाराचं नाव मोर्ना. संथ, हुरहुर लावणारा. पुढचे काही आठवडे गाणी ऐकायचं ॲप मला एव्होराची बाकीची गाणी देत राहिलं, मग तिच्या वळणाने गाणाऱ्या दोघीतिघी, मग फादो हा पोर्तुगालचा गायनप्रकार, आणि तिथून फिरून पुन्हा एव्होरा. मी खूश होते. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की आपण एकाच अंगणात गोल फिरतोय. त्याच बेटांवर फुनाना नावाचं दुसरं संगीत आहे, वेगवान, अंगात येणारं, अकॉर्डियन आणि लोखंडी पट्टी घासून काढलेल्या ठेक्यावर चालणारं. हे मला ॲपने सांगितलं नाही. एका अल्बमसोबतच्या पुस्तिकेतल्या एका वाक्याने सांगितलं.

तेव्हापासून मी ऐकण्याची पद्धत बदलली. गाण्यांच्या याद्या गोळा करणं सोडलं आणि एका वेळी एकच धागा धरायला सुरुवात केली. कधी एखादं वाद्य, कधी एखादं बंदर, कधी एखादी रेकॉर्ड कंपनी. महिनाभर त्याच धाग्याने पुढे जायचं. आठवड्याला तीन-चार तास पुरतात, आणि नवं सापडलं नाही असा महिना गेलेला मला आठवत नाही. ही पद्धत इथे पायरीपायरीने मांडते.

आधी, ॲप का अडकतं ते

शिफारस करणारी यंत्रणा बरीचशी एकाच प्रश्नावर चालते: हे गाणं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं? लाखो लोक ऐकतात त्या गाण्यांसाठी हा प्रश्न उत्तम काम करतो. पण ज्या गाण्याला जगभरात मिळून काही शे श्रोते आहेत, त्याच्याबद्दल यंत्रणेकडे पुरेशी माहितीच नसते, म्हणून ते कुणाच्याच पुढ्यात येत नाही, आणि पुढ्यात येत नाही म्हणून श्रोते वाढत नाहीत. शिवाय तुम्ही अर्धवट सोडलेलं गाणं ही तिच्यासाठी नापसंतीची खूण असते. अनोळखी संगीत तर आपण पहिल्यांदा अर्धवटच सोडतो. म्हणजे ज्याला जास्त वेळ द्यायला हवा, तेच सगळ्यात आधी गळतं.

म्हणून एक साधी गोष्ट आजच करा. स्वयंचलितपणे पुढचं गाणं लागण्याची सोय बंद करा. गाणं संपल्यावर शांतता झाली पाहिजे. त्या शांततेत तुम्ही ठरवता, पुन्हा ऐकायचं की पुढे जायचं.

दुसरं, शोधाच्या चौकटीत ‘वर्ल्ड म्युझिक’ लिहू नका. हे दोन शब्द संगीतशास्त्राच्या वर्गात आधीपासून वापरात होते, पण दुकानातल्या कप्प्याचं नाव म्हणून ते रुजले 1987 मध्ये. लंडनमधल्या एका पबमध्ये लहान लहान रेकॉर्ड कंपन्यांचे लोक जमले. अडचण अशी होती की मालीचा गायक, बल्गेरियाचा वृंद आणि पाकिस्तानचा कव्वाल यांच्या रेकॉर्ड दुकानदाराने कुठे ठेवायच्या? त्यांनी एक नाव ठरवलं आणि खर्च वाटून घेऊन ते नाव दुकानांत पोचवलं. त्या काळी त्याचा उपयोग झालाही. पण या नावाने कुठलाही सूर कळत नाही, ठेका कळत नाही, भाषा कळत नाही. ग्रॅमी पुरस्कारांनीही 2020 मध्ये आपल्या विभागाचं नाव बदलून ‘ग्लोबल म्युझिक’ केलं. माझ्या मते त्याने फारसा फरक पडत नाही, कप्पा तेवढाच ढोबळ राहतो. शोधताना नेमकं नाव हवं: मोर्ना, फुनाना, पूर्व आफ्रिकेतलं तारब, अझरबैजानचं मुगाम, पेरूचं वायनो, लाओसचं मोलाम, मालीचं वासुलू. अशी नावं कुठून आणायची? पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: महिन्याचा धागा निवडा

देश निवडू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं, एकेक महिना एकेक देश, आणि फारसं काही हाती लागलं नाही. संगीत सीमा पाहून चालत नाही. ते खलाशांबरोबर, मजुरांबरोबर, गुलामांच्या जहाजांतून, लग्नाच्या वरातींतून आणि स्वस्त कॅसेटमधून फिरतं. ते कसं फिरलं तो रस्ता धरला की एका नावातून दुसरं नाव आपोआप निघतं.

सुरुवातीला वाद्याचा धागा सगळ्यात सोपा. मी कुणालाही पहिल्या महिन्यासाठी अकॉर्डियन सुचवते, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

धातूची पातळ पट्टी हवेच्या झोताने थरथरते आणि सूर निघतो. पेटीतही हेच होतं. आशियात हे तत्त्व फार जुनं आहे, चीनचं शेंग आणि लाओसचं खेन ही बांबूच्या नळ्यांची वाद्यं त्यावरच चालतात. युरोपात एकोणिसाव्या शतकात या पट्टीला भाता जोडायचे अनेक प्रयोग झाले आणि 1829 मध्ये व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने ‘अकॉर्डियन’ या नावाने पेटंट घेतलं. वाद्य लहान, आवाज दणदणीत, सूर पुन्हा पुन्हा लावावा लागत नाही, एकटा माणूस नाच उभा करू शकतो. खलाशी आणि स्थलांतरित त्याला घेऊन निघाले. आता ते कुठे कुठे उतरलं ते बघा.

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर त्यातून व्हायेनातो झालं: बटणांचं अकॉर्डियन, काहा नावाचा छोटा ढोल आणि घासून वाजवायची ग्वाचाराका. वायेदुपार शहरात 1968 पासून त्याचा मोठा उत्सव भरतो. ब्राझीलच्या ईशान्य भागात ते फोहोमध्ये शिरलं, तिथे जोडीला झाबुंबा नावाचा ढोल आणि त्रिकोण. लुईझ गोन्झागा (1912–1989) हे तिथलं पहिलं नाव. डॉमिनिकन प्रजासत्ताकात मेरेंगे तीपिको. अमेरिकेतल्या लुइझियानात फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या झायडिकोत, क्लिफ्टन शेनिएच्या हातात. केप व्हर्देच्या सांतियागो बेटावर त्याला गाइता म्हणतात आणि तिथलं फुनाना पोर्तुगीज अंमलात हलकं समजलं जाई. 1975 ला स्वातंत्र्य मिळालं आणि त्यानंतर बुलिमुंदोसारख्या वाद्यवृंदांनी ते विजेच्या गिटारवर आणून मंचावर उभं केलं. लेसोथोत खाणीतल्या स्थलांतरित मजुरांचं फामो. मादागास्करमध्ये रेजिस गिझावो हा वादक. इथिओपियात हैलू मर्गिया.

हैलू मर्गियाचं उदाहरण मुद्दाम सांगते. हा माणूस आदिस अबाबाच्या हॉटेलांमधल्या बँडमधून नावारूपाला आला. मग अमेरिकेत गेला आणि 1985 मध्ये त्याने अकॉर्डियन, सिंथेसायझर आणि यंत्राचा ठेका एवढ्यावर एक कॅसेट काढली. पुढे वॉशिंग्टन परिसरात टॅक्सी चालवायला लागला. जुन्या आफ्रिकन कॅसेट शोधणाऱ्या एका अमेरिकन संग्राहकाच्या हाती ती लागली, त्याच्या ‘ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका’ या कंपनीने ती 2013 मध्ये पुन्हा प्रकाशित केली आणि मर्गिया पुन्हा जगभर कार्यक्रम करू लागला. हे संगीत कुठे हरवलं नव्हतं, एका खोक्यात पडून होतं.

एक वाद्य, एक महिना, आणि सहा संगीतप्रकारांची नावं हाती आली. त्यातलं प्रत्येक नाव पुढच्या एकेका महिन्याचा धागा होऊ शकतं.

दुसरा चांगला धागा म्हणजे परतीचा रस्ता. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांचे ठेके क्यूबात टिकले, तिथे सोन नावाचं संगीत घडलं. 1933 पासून एचएमव्हीने क्यूबन आणि इतर लॅटिन रेकॉर्डची ‘जीव्ही’ नावाची मालिका आफ्रिकेत विकायला आणली. काँगो नदीकाठच्या शहरांतल्या तरुणांना त्यात आपलंच काहीतरी ऐकू आलं. त्यांनी ते गिटारवर उतरवलं, लिंगाला भाषेत गायलं, आणि काँगोची रुंबा जन्मली. गिटारवादक फ्रँको आणि त्याचा ओके जॅझ हा 1956 चा वाद्यवृंद तिथलाच. ती रुंबा पूर्वेला नैरोबीपर्यंत गेली. पश्चिमेला तिच्या रेकॉर्ड जहाजांतून पुन्हा अटलांटिक ओलांडून कोलंबियातल्या कार्ताहेनाला पोचल्या, तिथे पिको नावाच्या प्रचंड रंगीत स्पीकरांच्या भिंतींवर वाजल्या, आणि चंपेता उभं राहिलं. हा रस्ता त्याच क्रमाने ऐकून बघा. सोन, मग रुंबा, मग चंपेता. गिटारची तीच नक्षी तिन्हीकडे ओळखू यायला लागते, आणि तेव्हा होणारा आनंद कुठल्याही तयार यादीत मिळत नाही.

दुसरी पायरी: रेडिओ, पण ठरवून

रेडिओ गार्डन हे संकेतस्थळ आणि ॲप 2016 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं. पडद्यावर पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे त्या गावचं थेट सुरू असलेलं रेडिओ स्टेशन. बहुतेक जण पहिल्या दिवशी तासभर गोल फिरवतात आणि नंतर विसरून जातात. उपयोग व्हायचा असेल तर असं करा.

महिन्याच्या धाग्यातलं ठिकाण घ्या, पण राजधानी टाळा. मोठ्या शहरांतली स्टेशनं बहुतेक तेच जागतिक हिट वाजवतात. लहान गावांची, विद्यापीठांची, समाजगटांनी चालवलेली स्टेशनं शोधा. तिथे किती वाजलेत ते बघा, कारण सकाळच्या गर्दीच्या वेळी गप्पा आणि जाहिराती जास्त असतात. तीन-चार स्टेशनं आवडीच्या यादीत ठेवा आणि आठवडाभर त्याच स्टेशनांवर वेगवेगळ्या वेळी जा. गाणं आवडलं की शझॅमसारख्या ॲपने ओळखायचा प्रयत्न करा. लोकसंगीत अनेकदा ओळखलं जात नाही, मग वेळ, स्टेशन आणि कानावर पडलेला एखादा शब्द वहीत लिहून ठेवा. निवेदकाच्या बोलण्यात गायकाचं नाव बहुतेक वेळा दोनदा येतं, गाण्याआधी आणि नंतर. भाषा कळत नसली तरी पुन्हा आलेलं नाव कान पकडतो.

रेडिओऊऊऊ हे दुसरं संकेतस्थळ पॅरिसच्या मंडळींनी काढलं. तिथे नकाशावर देश निवडायचा आणि खाली दशक निवडायचं, 1900 पासून आजपर्यंत. संथ, वेगवान की विचित्र, हेही सांगता येतं. धाग्याचा इतिहास ऐकायला हे फार कामाचं आहे. एकच देश धरून दशकं चढत जा: 1950, 1960, 1970. विजेची गिटार कधी आली, सिंथेसायझर कधी शिरला, कुठल्या दशकात सगळंच बदललं, हे काही न वाचता कळतं. तिथे गाण्याचं आणि कलाकाराचं नाव समोर दिसतं, ही मोठीच सोय.

तिसरा रेडिओ माणसांनी निवडलेला. फ्रान्सच्या सरकारी रेडिओचं फिप हे स्टेशन 1971 पासून आहे, त्यावर एकामागून एक कुठल्याही देशाचं, कुठल्याही काळाचं गाणं लागतं आणि तरी जोडणी खटकत नाही. लंडनचं एनटीएस 2011 पासून चालतं, जगभरचे संग्राहक तिथे येऊन आपापल्या रेकॉर्ड लावतात. अमेरिकेतला ‘अफ्रोपॉप वर्ल्डवाइड’ हा कार्यक्रम 1988 पासून सुरू आहे, त्याचे जुने भाग म्हणजे आफ्रिकन संगीताची शाळाच. आठवड्याला अशा एका कार्यक्रमाचा एक भाग पुरे. त्याहून जास्त ऐकलं की नावं एकमेकांत मिसळतात.

तिसरी पायरी: नामावली वाचा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त लोक गाळतात तीही हीच.

गाणं आवडलं की गायकाचं नाव सगळे बघतात. तुम्ही वादकांची नावं बघा. कुठे ध्वनिमुद्रित झालं, कुणी केलं, कुठल्या कंपनीने काढलं ते बघा. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर (2000 पासून) लाखो रेकॉर्डची अशी माहिती लोकांनी हाताने भरलेली आहे. तिथे वादकाच्या नावावर टिचकी मारली की तो आणखी कुठे कुठे वाजवतो ते दिसतं. मालीत मला कोरा या 21 तारांच्या वाद्याची नवी नावं अशीच मिळाली, एका गायिकेच्या साथीदारांच्या यादीतून.

छोट्या रेकॉर्ड कंपन्या तर धाग्यांची आयती गुंडाळीच असतात. त्यांच्यामागे एक-दोन माणसं असतात, आणि त्यांचा कान एकदा तुम्हाला पटला की त्यांनी काढलेलं काहीही डोळे मिटून ऐकता येतं. ॲनालॉग आफ्रिका बेनिन, टोगो, अंगोलाकडच्या 1970 च्या दशकातल्या नाचाच्या संगीतासाठी. ऑस्टिनाटो सोमालिया, सुदान, जिबूतीसाठी. कंपाला शहरातलं न्येगे न्येगे टेप्स आजच्या पूर्व आफ्रिकेतल्या इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी. फ्रान्समधली ‘एथिओपीक’ ही मालिका इथिओपियासाठी. ग्लिटरबीट आजच्या कलाकारांसाठी. यातली दोन निवडा, त्यांची पत्रं ईमेलवर मागवा, बाकीच्यांच्या मागे लागू नका.

यातल्या बऱ्याच कंपन्या बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर आहेत. तिथली एक सोय फार थोडे वापरतात. प्रत्येक अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. एखाद्या चित्रावर टिचकी मारा, त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. ज्याने तुमच्याइतकंच प्रेमाने एक अपरिचित रेकॉर्ड विकत घेतलं, त्याने आणखी काय घेतलंय हे बघणं म्हणजे एखाद्या जाणकाराच्या कपाटासमोर उभं राहणं. मला मोलाम असंच मिळालं. खेन वाजवून गायचं हे संगीत लाओस आणि थायलंडच्या ईशान्य भागातलं. कधीही न भेटलेल्या एका माणसाच्या कपाटातून ते माझ्याकडे आलं.

जुन्या संगीतासाठी पुस्तिका वाचा. मोझेस ॲशने 1948 मध्ये न्यूयॉर्कला फोकवेज ही कंपनी काढली आणि जगभरच्या ध्वनींच्या दोन हजारांवर रेकॉर्ड काढल्या. त्याच्या मृत्यूनंतर 1987 मध्ये तो संग्रह अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेला, आणि खपो न खपो, एकही रेकॉर्ड बंद करायची नाही ही अट आजही पाळली जाते. प्रत्येक रेकॉर्डची पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येते. वाद्यं, प्रसंग, गाण्याचे शब्द, गायकांची नावं, सगळं त्यात असतं. युनेस्कोची पारंपरिक संगीताची शंभरावर रेकॉर्डची मालिकाही आता तिथेच आहे. अमेरिकन लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्सने गोळा केलेली 17,000 हून अधिक ध्वनिमुद्रणं त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात.

नामावली वाचण्याला आणखी एक कारण आहे. सॉलोमन बेटांवर अफुनाक्वा नावाच्या बाईने गायलेलं एक अंगाईगीत ह्यूगो झेंप या संशोधकाने ध्वनिमुद्रित केलं. 1990 च्या दशकात ते एका गाजलेल्या नृत्यसंगीतात तिला न विचारता वापरलं गेलं. जगभर ते मध्य आफ्रिकेतलं गाणं म्हणून फिरलं. करोडो लोकांनी तिचा आवाज ऐकला, तिचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून वहीत गाण्याखाली माणसाचं नाव लिहायचंच, आणि ते सापडत नसेल तर जागा मोकळी ठेवायची.

चौथी पायरी: त्यांच्या लिपीत शोधा

इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिचं नाव रोमन लिपीत पाच-सहा प्रकारे लिहिलं जातं. तुम्ही एक स्पेलिंग टाकता आणि बाकीच्या स्पेलिंगांखालचं सगळं अदृश्य राहतं. उपाय सोपा आहे. विकिपीडियावर कलाकाराचं किंवा संगीतप्रकाराचं पान उघडा, भाषांच्या यादीतून तिथली मूळ भाषा निवडा, उघडलेल्या पानाचं शीर्षक कॉपी करा आणि यूट्यूबवर चिकटवा. तुम्हाला ती लिपी वाचता येण्याची गरज नाही. रोमन लिपीत शोधल्यावर पर्यटकांसाठी काढलेले व्हिडिओ येतात, मूळ लिपीत शोधल्यावर लग्नं, उत्सव, जुने दूरदर्शन कार्यक्रम, कॅसेटवरून चढवलेले अख्खे अल्बम. जॉर्जियन, अरबी, थाई, अम्हारिक, रशियन, चिनी, सगळीकडे मी हा फरक पाहिलाय.

नावानंतर वाद्याचं नाव जोडून शोधा. ‘लग्न’ किंवा ‘मैफल’ या अर्थाचा तिथला शब्द भाषांतराच्या ॲपमधून घेऊन जोडा. सापडलेल्या व्हिडिओपेक्षा तो चढवणाऱ्याचं खातं जास्त मोलाचं असतं, कारण तिथे त्याच प्रदेशाचे आणखी शंभर व्हिडिओ असतात. ते खातं जपून ठेवा.

वाद्य हातात कसं धरतात, बोटं कशी चालतात हे बघायचं असेल तर सिएटलच्या केईएक्सपी रेडिओने चित्रित केलेली सत्रं बघा. जगभरचे वाद्यवृंद तिथे वाजवून गेलेत आणि कॅमेरा हातांवर भरपूर वेळ थांबतो.

पाचवी पायरी: नवं काय निघालं

याला महिन्यातून एक संध्याकाळ पुरते. ‘वर्ल्ड म्युझिक चार्ट्स युरोप’ ही यादी 1991 पासून युरोपातले रेडिओ निवेदक मिळून काढतात, ‘ट्रान्सग्लोबल वर्ल्ड म्युझिक चार्ट’ 2015 पासून वेगवेगळ्या खंडांतले समीक्षक. दोन्ही महिन्याला निघतात. पहिले वीस अल्बम घ्या, प्रत्येकाचं एकेक गाणं ऐका, दोनच ठेवा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये वोमेक्स हा व्यावसायिक मेळा युरोपातल्या कुठल्या तरी शहरात भरतो. तिथे गाणाऱ्यांची यादी आधी जाहीर होते आणि ती जपून ठेवण्यासारखी असते, कारण त्यातले बरेच जण पुढच्या दोन वर्षांत सगळीकडे ऐकू येतात. ब्रिटनचं साँगलाइन्स हे मासिक 1999 पासून निघतं, त्यातली परीक्षणं विश्वासाने वाचावीत अशी.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही संगीत भरपूर आहे. लाओसचं खेन 2017 ला आलं, मोर्ना 2019 ला, काँगोची रुंबा 2021 ला, अल्जेरियाचं राई 2022 ला. प्रत्येक नोंदीसोबत छोटी फिल्म असते.

सहावी पायरी: तीनदा ऐका

शोधणं सोपं आहे. कानाला वेळ देणं अवघड.

जॉर्जियातलं तीन आवाजांचं गायन मी पहिल्यांदा लावलं आणि मिनिटभरात बंद केलं. सूर एकमेकांना घासतायत असं वाटलं. दुसऱ्यांदा नुसत्या खालच्या आवाजावर लक्ष ठेवलं, जवळजवळ एका जागी उभा असलेल्या त्या खर्जावर. तिसऱ्यांदा वरचे दोन आवाज त्या खर्जाला धरून कसे जवळ येतात, कुठे मुद्दाम अगदी शेजारच्या सुरावर थांबतात आणि शेवटी तिघे एकाच सुरात कसे मिळतात, ते ऐकू आलं. तेव्हापासून ते गायन मला सोडवत नाही.

म्हणून माझा नियम: कुठलंही अनोळखी संगीत तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकल्याशिवाय मत बनवायचं नाही. पहिल्या दिवशी काही न वाचता, पूर्ण. दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट धरून: खर्ज, किंवा एक वाद्य, किंवा टाळीचा ठेका. तिसऱ्या दिवशी पुस्तिका वाचून.

काय धरायचं हे संगीतावर ठरतं. बल्गेरियाचा राचेनित्सा नाच सात मात्रांचा, 2+2+3. रूपक तालाची सवय असलेला कान सातांत लगेच रमतो, मात्र इथे तीनचा गट शेवटी येतो हे कळायला एक-दोन फेऱ्या जातात. बालीच्या गामेलान या वाद्यवृंदात वाद्यांच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या एकाचा सूर मुद्दाम किंचित वर लावलेला असतो. त्यामुळे नाद थरथरतो. तिथे त्या थरथरीला लाट या अर्थाचा शब्द आहे, ओंबाक. सूर बेसूर लागलाय असं वाटून पहिल्यांदा बंद केलं तर ही लाट हुकते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ढोलसंगीतात घंटेचा छोटा ठेका शोधा, बाकी सगळे त्याच्याभोवती फिरतात. आणि उम्म कुलसूमसारखी गायिका असेल तर वेळ राखून बसा. तिचं एक गाणं तासभर चालायचं, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री कैरोच्या रेडिओवरून ते सगळ्या अरब जगात जायचं, आणि एकाच ओळीवर ती किती वेळा परत येते यातच त्याची खरी मजा आहे. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात यातलं काहीच हाती येत नाही.

सातवी पायरी: वही आणि वेळापत्रक

वही कागदाची असो की फोनमधली, प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: माणसाचं नाव, संगीतप्रकाराचं नाव, वाद्य, आणि ‘इथून पुढे’. हा चौथा रकाना सगळ्यात कामाचा. त्यात एखादं न ऐकलेलं नाव, एखादा न कळलेला शब्द लिहायचा. महिना संपताना पुढचा धागा इथूनच उचलायचा.

माझा महिना साधारण असा जातो. पहिल्या आठवड्यात रेडिओ आणि जुन्या दशकांची भटकंती, फक्त नावं गोळा करायची. दुसऱ्या आठवड्यात त्यातले तीन कलाकार निवडून अख्खे अल्बम, तीनदा ऐकण्याचा नियम पाळून. तिसऱ्या आठवड्यात पुस्तिका, वादकांच्या नावांचा माग, मूळ लिपीतला शोध. चौथ्या आठवड्यात नव्या अल्बमांची यादी, आणि महिन्यात सगळ्यात आवडलेला एक अल्बम विकत घ्यायचा. हे शेवटचं मी टाळत नाही. नुसतं ऐकण्याचे पैसे कलाकाराच्या हाती फारच थोडे पडतात, आणि छोट्या कंपन्या विक्रीवरच पुढची रेकॉर्ड काढतात.

एखादा आठवडा चुकला तर मागचं भरून काढायला जाऊ नका, जिथे होता तिथून पुढे चला. आणि धागा रुचला नाही तर दोन आठवड्यांत सोडून द्या. मला काही वाद्यं अजूनही जवळची वाटत नाहीत, त्यांच्यावर जबरदस्तीने महिना घालवण्यात अर्थ नाही.

माझ्या वहीत या महिन्याच्या ‘इथून पुढे’ रकान्यात चार शब्द आहेत: कन्बुस, गांबुस, गबुसी, कबोसी. पहिलं येमेनचं तंतुवाद्य. दुसरं इंडोनेशिया आणि मलेशियातलं, येमेनच्या हद्रामौत भागातून गेलेल्या माणसांच्या वस्त्यांत वाजणारं. तिसरं कोमोरोस बेटांवरचं आणि चौथं मादागास्करचं. चारही नावं एकमेकांची भावंडं वाटतात आणि चारही ठिकाणी हिंदी महासागराचं पाणी लागतं. येमेनपासून सुरुवात करणार आहे, सना शहरातल्या जुन्या गायकांपासून, आणि पहिल्या आठवड्यात फक्त रेडिओ.